वरची कडी
दर महिन्याच्या एक तारखेला कॅलेंडरचं पान उलटताना मला घाटकोपरची एक खोली आठवते. एकट्या राहणाऱ्या दिव्यांगांना मिळणाऱ्या मासिक मदतीवर मला बातमी करायची होती, म्हणून पडताळणीला निघालेल्या कारकूनबाईंबरोबर मी गेलो होतो. पोलिओने दोन्ही पाय गेलेली पन्नाशीची बाई फरशीवर बसली होती. खोलीला फिनेलचा वास होता. शेगडी, पाण्याचं पिंप, कपड्यांची दोरी, सगळं तिच्या हाताला येईल इतकं खाली होतं. कॅलेंडर मात्र पुरुषभर उंचीवर टांगलेलं होतं आणि त्यावर चालू महिना होता. "पान कोण उलटतं, ताई?" कारकूनबाईंनी विचारलं. "आई उलटायची. ती जाऊन तीन वर्षं झाली, पण एक तारखेला उलटलेलं असतं." "असं बोलू नका. घरात दुसरं कोणी राहत असेल तर पैसे बंद होतील." "मग शोधा ना मॅडम, दहा बाय दहाची तर खोली. सापडली तर मला पण दाखवा." कारकूनबाई हसल्या नाहीत. त्यांनी कपाटामागे पाहिलं, मोरीत पाहिलं. कोणी नव्हतं. अर्जावर 'एकटी राहते' असं लिहून त्यांनी सही केली. आम्ही बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि आतून कडी लागली. खालची कडी तिच्या हाताशी होती. आवाज आला तो आमच्या डोक्यावरून, वरच्या कडीचा. कारकूनबाईंनी हातातल्या अर्जाकडे पाहिलं, त्याची घडी घातली आणि त्या जिना उतरू लागल्या. मदत चालू राहिली. बातमीत मी कडीचा उल्लेख केला नाही.