मुंहदिखाईत मिळालेली गल्ली

कमला वारली तेव्हा आमच्या गल्लीतले लोक म्हणाले, "बिचारी, फार गरीब स्वभावाची होती." माझं डोकंच फिरलं. कमला भांडकुदळ होती, तोंडाची फटकळ होती, आणि तसं असण्याचा तिला पुरेपूर हक्क होता. ज्यांनी तिला जन्मभर राबवलं त्यांनीच आता तिला मवाळ करून टाकावं, हे मी चालू देणार नाही.

मी सुलताना. राजुऱ्याहून लग्न होऊन चंद्रपूरला, परकोटाच्या आतल्या या गल्लीत आले. माझे सासरे बाबूभाई बांगड्यांचे व्यापारी, मोहल्ल्यात त्यांच्या शब्दाला वजन. घरं पक्की, दारांना नक्षी, आणि मागच्या अंगणाच्या कोपऱ्यात पाटीचा संडास. वर दोन फरशा, मधे भोक, खाली पाटी. ती ओढून काढायला मागच्या सांदीत एक बुटकं पत्र्याचं दार होतं. कमला त्या सांदीतूनच यायची. पुढच्या दाराला तिचा पाय कधी लागला नाही. येतायेता ओरडायची, "पाटी काढून राह्यली वो! कोणी बसू नोका!" तरी एखादा बसायचाच. मग ती अशा शिव्या घालायची की आतला माणूस लाजेनं बराच वेळ बाहेरच येत नसे.

ही गल्ली तिला सासूनं मुंहदिखाईत दिली होती. आमच्याकडे नव्या नवरीचं तोंड बघून अंगठी देतात, पैंजण देतात. कमला बल्लारपूरहून लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिचा घुंघट वर केला आणि सांगितलं, आजपासून ती गल्ली तुझी. म्हणजे तिथला मैला उचलायचा हक्क तुझा, दुसरी कोणी तिथं पाटीला हात लावणार नाही. हक्क म्हणे! मेहतर समाजात तेव्हा अशीच रीत होती. ज्या बाईकडे द्यायला दुसरं काहीच ठेवलं नव्हतं, ती तेच देणार. पुढे उरलेल्या गल्ल्यांत त्याच कामात सासूला कावीळ झाली आणि ती गेली. पावसाळ्यात पाटी गळायची. कमला डोक्यावर प्लास्टिक बांधायची, तरी ओघळ मानेवर यायचेच. वर आमच्या बायका तिला भाकरी द्यायच्या ती लांबून, हात लागू नये म्हणून.

शहाण्णव साली पाट्या काढून पाण्याचे संडास बांधून द्यायची सरकारी योजना आली. ती आमच्या गल्लीत आणली बाबूभाईंनी, हे मी मान्य करते. कमलानं त्या भरवशावर मुलाचं, प्रवीणचं, लग्न केलं. सून मयुरी गडचिरोलीची, शाळेत गेलेली. कमलानं तिच्या आईला शब्द दिला होता, "तुमच्या पोरीच्या हाताले पाटी लागनार नाई. मी गल्ली सुनेले देत नाई. ते गल्लीच खतम होऊन राह्यली."

आता आमच्या शहाण्यांची करामत ऐका. आराखड्यात संडासाचं दार गल्लीकडे होतं. बाबूभाई कडाडले, आमच्या बायका काय रस्त्यावरच्या लोकांसमोर ये-जा करतील? दार अंगणाकडे फिरवा! गवंड्यानं दार फिरवलं, दाराबरोबर आतलं उत्तर-दक्षिण भांडंही फिरवलं. साऱ्या गल्लीत तसंच झालं. पडदा सांभाळला आणि किब्ला विसरले! पहिल्याच दिवशी लक्षात आलं, की बसलं की पाठ थेट पश्चिमेला, जिकडे तोंड करून आम्ही नमाज पढतो तिकडे होते. त्या दिशेला तोंड किंवा पाठ करून आम्ही संडासला बसत नाही. मीही बसणार नाही, ती श्रद्धा माझीही आहे. पण भांडं पुन्हा उत्तर-दक्षिण करायला गवंड्याला एक दिवस लागतो हो! बाबूभाई म्हणाले, सरकारी काम आहे, हात लावला तर मंजुरी अडकेल, विचारून बघू. विचारलं कोणीच नाही. पावसाळा गेला, थंडी गेली. नव्या संडासात आम्ही सरपण रचलं. मी बोलले तर मला "तू मधे पडू नको" म्हणून गप्प केलं. जुनी पाटी होतीच, आणि कमला होतीच. घाई कोणाला होती?

मग कमला सांदीतल्या शेवाळावरून घसरली आणि तिचा पाय मोडला. दोन दिवस पाट्या तशाच. वासानं घरात जेवण जाईना. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण आमच्या मोहल्ल्याला तेवढंही कळलं नाही. बाबूभाईंनी निरोप धाडला, "नवी सून आली आहे ना? तिला पाठव."

आणि मयुरी आली. तोंडाला पदर, डोळे जमिनीला. मागच्या दारी पाटी ओढल्याचा आवाज आला तेव्हा माझी पोळी तव्यावर जळत होती. इतक्यात सांदीत कमलाचा आवाज चढला. काठी टेकत ती सुनेच्या मागोमाग आली होती. तिनं भरलेली पाटी मयुरीच्या हातून ओढून घेतली, काठी तिला दिली, आणि मोडक्या पायानं फरफटत, वळसा घालून, पुढच्या रस्त्यानं आली. आमच्या नक्षीच्या दारासमोर, ओट्यावर, तिनं ती पाटी ठेवली.

भर बाजाराची वेळ. लोक नाकाला रुमाल लावून थांबले.

"कमला, डोकं फिरलं का तुझं?" बाबूभाई बाहेर आले.

"तुमचा किब्ला खरा आहे, बाबूभाई. मी त्याले खोटा म्हणून नाई राह्यली. पण भांडं फिरवलं काऊन नाई?"

"सांगितलं ना, मंजुरी..."

"दार फिरवाले मंजुरी लागली नाई! भांड्यालेच लागते?"

लोक बघत होते. मीही दारात आले होते; बाबूभाई माझ्याकडे वळले. "सुलताना, उचल ही पाटी."

मी पदर खोचला. खरंच उचलणार होते मी.

"हात नोका लावू, भाभी!" कमला गरजली. "माही सून नाई आन तुमची बी सून नाई. बाबूभाई, तुमी उचला."

कोणीही पुढे झालं नाही. बाबूभाईंनी चारी बाजूंनी पाहिलं, मग वाकले, पाटी उचलली आणि गल्लीबाहेर चालू लागले. रस्ताभर लोक बाजूला सरत गेले. रोज सलाम करणारे खाली बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गवंडी आला. संध्याकाळपर्यंत आमचं भांडं फिरलं, मग एकेक करून साऱ्या गल्लीचं. सांदीतली पत्र्याची दारं विटा लावून बुजवली.

मी आनंदानं कमलाकडे सांगायला गेले. ती दारात पाय लांब करून बसली होती, मयुरी चुलीपाशी. वाटलं, कमला हसेल. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी उंबऱ्याबाहेरच थांबले.

"एका दिवसाचं काम होतं ना, भाभी?"

"हो, कमलाबाई."

"मंग माही सासू पाटीपायी काऊन मेली?"