मंडळीपुढे माफी मागणारे पाळकसाहेब

आदरणीय पाळकसाहेब शमुवेल थोरात यांना मी प्रथम पाहिले ते मीरा रोडच्या हाटकेश भागातल्या एका गाळ्यात. शेजारी प्लास्टिकचा कारखाना आणि या गाळ्यात आमच्या लहानशा प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती मंडळीची उपासना. पत्नी रूथ आणि मी परळहून नुकतेच मीरा रोडला राहायला आलो होतो. ना पेटी, ना गिटार. लोक नुसत्या गळ्याने स्तोत्रे गात होते.

"वाद्यं घ्यायला जमलं नाही का अजून?" मी विचारले.

साहेब हसले. "घ्यायचीच नाहीयेत. देवानं सांगितलंय तेवढंच उपासनेत करायचं. आपल्या मनाचं त्यात घालायचं नाही."

या मंडळीचा इतिहास तरुणांना ठाऊक असावा. साहेबांच्या वडिलांच्या काळात अनेक चर्च एकत्र येत होती, तेव्हा काही कुटुंबांनी जुनी विश्वासकबुली सोडायला नकार दिला. पवित्र शास्त्र हाच अंतिम अधिकार, तारण केवळ देवाच्या कृपेने, आणि मंडळीचा कारभार एका माणसाच्या नव्हे, सभासदांनी निवडलेल्या ‘वडिलां’च्या, म्हणजे जाणत्या पुढाऱ्यांच्या, हाती, ही त्यांची श्रद्धा. लोक त्यांना हट्टी म्हणत. पुढे ही कुटुंबे उपनगरांत पांगली. साहेबांनी बसने फिरून, घरोघरी जाऊन त्यांना पुन्हा एकत्र आणले आणि मुलांकडून श्रद्धेची प्रश्नोत्तरावली पाठ करून घेतली.

आता जे लिहितो आहे, ते साहेबांना विचारूनच.

विश्वासणाऱ्यांच्या तान्ह्या मुलांना आम्ही बाप्तिस्मा देतो. आमचा एलिया जन्मला तेव्हा मी रविवारीही कामावर जात असे. साहेब म्हणाले, "आधी रविवारचं काम सोडून प्रभुवार पाळायला लागा, मग बाळाचा बाप्तिस्मा करू." मी चालढकल केली. दोन महिन्यांचा एलिया न्यूमोनियाने गेला.

साहेब आमच्या इंद्रलोक वसाहतीतल्या घरी आले. रूथने त्यांना बसाही म्हटले नाही.

"बाप्तिस्मा झाला नव्हता त्याचा. माझं बाळ कुठंय आता, सांगा."

साहेब जमिनीवरच बसले. "देवाजवळ आहे, रूथबाई. देवाचं वचन तुमच्या लेकरासाठी जन्मापासूनच होतं. पाणी ही त्याची खूण. खूण मी अडवली. वचन अडवायची माझी ताकद नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बापाच्या चुकीसाठी लेकराला ताटकळत ठेवलं. मी चुकलो."

हे त्यांनी स्वतःहून वडीलमंडळापुढे मांडले. एक ज्येष्ठ वडील म्हणाले, "घरी जाऊन बोललात ना, झालं तर. सगळ्यांसमोर कशाला? मान राहायचा नाही."

"दुसऱ्यांना शिस्त लावताना आपण त्यांचा मान बघतो का?" साहेबांनी विचारले.

पुढच्या प्रभुवारी ते व्यासपीठावरून खाली उतरले आणि सर्वांपुढे उभे राहून त्यांनी आमची माफी मागितली. रूथ उठली. "साहेब, आम्ही माफ केलंय," एवढेच म्हणाली आणि रडू लागली. एलिया गेल्यावर ती पहिल्यांदाच रडत होती.

साहेब तिथेच थांबले नाहीत. माझ्या मालकाला स्वतः भेटले. "इसको इतवार छोड़ दीजिए, सेठ. त्योहार के दिन ये आएगा," असे म्हणून माझा रविवार मोकळा करून घेतला. तो मी आजवर पाळतो आहे. पुढे मंडळीने मला वडील म्हणून निवडले. साहेबांशी मतभेद झाला की मी बेधडक बोलतो, आणि तेही शांतपणे ऐकून घेतात. आमच्या मंडळीचे बळ मला तिथे दिसते.

वर्षभराने मेरी जन्मली. पुढच्याच प्रभुवारी साहेबांनी तिला बाप्तिस्मा दिला. तीच मेरी आता आई होणार आहे. पंचाहत्तरी गाठलेल्या साहेबांचे गुडघे दुखतात, पण आवाज अजून खणखणीत आहे. देव त्यांना उत्तम आरोग्य आणि उदंड आयुष्य देवो. रूथने तर त्यांना आत्ताच बजावून ठेवले आहे, "साहेब, नातवंडाचा बाप्तिस्मा तुम्हीच करायचाय. तब्येत सांभाळा."