रशीदभाईंची बिनधुराची गाडी

“घेऊ नका म्हणतो ना! जरा दम धरा, सायलेन्सरच लागणार नाय गाडीला!” भर औरंगपुऱ्यात रशीदभाई गिऱ्हाईकावर ओरडत होते. गंमत म्हणजे सायलेन्सर विकायचं ते दुकान त्यांचंच. शेजारी माझं बॅटऱ्यांचं. भाईंचा आवाज असा, की इथं खाकरले तर खुलताबादेत बैल बुजावेत. ही आमची शेवटची भेट. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर अर्धं वर करून ते खाली बसले, ते उठलेच नाहीत... महिना झाला, एवढ्या गर्दीची गल्ली, पण मुकी वाटते.

भाईंना एकच वेड, हायड्रोजनची गाडी. टाकीत वायू भरायचा, हवेतल्या प्राणवायूशी त्याची गाठ घातली की वीज तयार, अन् मागून धुराऐवजी पाणी! हे त्यांनी मला लाखभर वेळा तरी ऐकवलं असेल. मी म्हणायचो, “भाई, तो वायू काढायला आधी वीज लागते, भरायला पंप नाय. त्यापरीस बॅटरीची घ्या.” “तुम्ही हेच बोलणार, बॅटरीवाले!” असं म्हणून माझाच चहा ते पिऊन टाकायचे.

पण ह्या वेडापायी त्यांच्या दारात गाडीच आली नाही. सिल्लोडला माहेरी स्वतःच्या गाडीतून नेईन, असा शब्द त्यांनी रझियाभाभींना दिला होता. पुढं भाभींचे गुडघे गेले, एसटीची पायरी चढवेना. त्या म्हणायच्या, “पुरानी पेट्रोलची आणा, पण अम्मीकडं न्या.” भाई म्हणायचे, “मरायला टेकलेली चीज घरात कशाला? थोडं थांब, रझिया.” भाभी थांबल्या. अम्मी थांबल्या नाहीत. गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या.

त्यानंतर औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रदर्शनात ती गाडी आली. भाई लग्नातली शेरवानी घालून, भाभींना रिक्षात बसवून आले. गाडीमागून पाणी ठिबकायला लागलं, तशी नळाची वाट बघण्यात जन्म गेलेल्या ह्या शहराची निम्मी प्रजा बाटल्या घेऊन धावली. निम्मी जास्त वाटत असेल तर दहा-बारा माणसं धरा. भाईंनी ग्लासभर साठवलं आणि कुणी अडवायच्या आत पिऊन टाकलं. “फिकं आहे!” त्यांनी जाहीर केलं. मग तिथल्या इंजिनिअर पोरीला एकदम हळू आवाजात विचारलं, “बेटा, सिल्लोडला जाऊन येईल का?”

“गाडी जाईल, काका. पण संपल्यावर भरणार कुठं? आधी ट्रक, बस... घरच्या गाडीचं कधी, ते आम्हालाही सांगता येत नाही.”

परतताना मीही त्यांच्याच रिक्षात होतो. भाभी भाईंच्या शेरवानीवरचं पाणी दुपट्ट्यानं टिपत राहिल्या...

परवा त्यांच्या घरी गेलो. भाभी इद्दतीत, नवऱ्यामागं चार महिने परक्या पुरुषासमोर यायचं नाही, म्हणून दाराच्या पडद्याआडून बोलल्या. घर फार गप्प वाटलं, म्हणून मीच आवाज चढवला, “भाभी, भाईंचं खरं होणार बघा. येतील त्या गाड्या, आज ना उद्या.”

“येऊ द्या,” भाभी म्हणाल्या. “मला आता कुठं जायचंय.”