गुळगुळीत सर्टिफिकिटं

लॅमिनेट केलेली सर्टिफिकिटं एकावर एक ठेवली की घसरतात. कॉलेजच्या अर्जासाठी माझ्या लेकीचा, बारावीतल्या सईचा, रेझ्युमे करायला आम्ही दोघी पलंगावर ती मांडून बसलो होतो. बालवाडीत गाजर झाल्याबद्दलचं उत्तेजनार्थ बक्षीस सारखं खाली पडत होतं. सगळी मीच हौसेनं लॅमिनेट करून आणलेली.

“समाजसेवेचा रकाना रिकामा दिसतोय,” पाठवलेला मसुदा पाहून प्रवेश-समुपदेशक बाई स्पीकरफोनवर म्हणाल्या.

मी पटकन सांगितलं, सई रोज आजोबांना पेपर वाचून दाखवते. त्यांना आता दिसत नाही.

“मग लिहा की, ज्येष्ठांसाठी वाचन उपक्रम! एक फोटो लावा, त्यांची सही घ्या.”

सईनं फोन माझ्या हातातून ओढून घेतला. “आजोबांना काय सांगू, मॅडम? सही करा, तुम्ही माझी समाजसेवा आहात?”

आपल्याकडे सही-शिक्का नसला तर केलेलं केलं म्हणून धरत नाहीत. नका धरू! प्रेमालाही प्लॅस्टिक चढवायचं का आता?

फोन बंद करून सई पलीकडच्या खोलीत गेली आणि आजोबांना अग्रलेख वाचून दाखवू लागली. रकाना मी तसाच ठेवला. ज्यांना तो रिकामा दिसेल, त्यांना खुशाल दिसू दे.