काळा पडलेला ईसीजी
लॅमिनेशनच्या तापल्या प्लास्टिकचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं, जरी सासऱ्यांचा जुना ईसीजी लॅमिनेट करायची अक्कल माझीच होती. डॉक्टरांना तो दुसऱ्या दिवशी नव्याशी ताडून पाहायचा होता, म्हटलं, कागद चुरगळायला नको. मुलुंडला आमच्या नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात पंधरा वर्षं मशीनवर उभ्या असलेल्या ताईंनी तो हातात घेतला आणि म्हणाल्या, "साहेब, हा कागद..." तोच गल्ल्यावरून मालक खेकसला, "पुन्हा गिऱ्हाइकाला शिकवतेस? सांगतात ते कर ना!" ताईंनी ओठ मिटून कागद मशीनमध्ये सरकवला आणि तो पलीकडून तव्यासारखा काळाकुट्ट होऊन बाहेर आला. "ईसीजीच्या कागदाला उष्णता चालत नाही," त्या खाली बघत म्हणाल्या. "माहीत होतं तर बोलायचं ना!" मी ओरडलो. "कालच एकाला बोलले, तर सगळ्यांसमोर झापलं मला. आता नाही बोलत." मग मी मालकावर असा तुटून पडलो की रस्त्यावरची माणसं थांबली, जाणत्या बाईचं तोंड बंद करून दुकान चालवतो म्हणजे काय? घरी येऊन हे तावातावाने सांगितलं, तर बायको म्हणाली, "आणि सकाळी मी म्हटलं, लॅमिनेशन कशाला, साधी झेरॉक्स काढा, तेव्हा 'तुला काय कळतं' कोण म्हणालं?"