हरभरे आणि टाळू

पुण्यातल्या ज्या मेडिकल कॉलेजात मी शिकवत होते, तिथल्या शरीररचना विभागात एक मामा होते. शिपायांना सगळे मामाच म्हणायचे, त्यामुळे त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कवटीची हाडं सुटी करायचं काम त्यांचं. खालच्या भोकातून कवटीत कोरडे हरभरे ठासून भरायचे आणि ती पाण्यात बुडवून ठेवायची. हरभरे फुगले की हाडं शिवणींवर आपसूक उकलतात. किती वेळ लागेल असं कुणी विचारलं, की मामा म्हणायचे, "हरभऱ्यांना विचारून सांगतो."

मी नवी होते. एकदा कपाटातली तान्ह्या बाळाची कवटी काढून दिली आणि म्हटलं, "मामा, हीसुद्धा भिजत घाला."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, याची हाडं अजून जुळलीच नव्हती. सुटी काय करू?"

मी ओशाळले. तान्ह्याची हाडं नुसत्या पडद्यानं धरलेली असतात, हे सकाळीच मी वर्गात शिकवलं होतं.

दुपारच्या सुट्टीत विसरलेली पर्स घ्यायला परत गेले. मामा स्टुलावर बसले होते. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर ती कवटी, शेजारी खोबरेल तेलाची बाटली. माथ्यावरच्या उघड्या जागेत, कागदासारख्या सुकलेल्या पडद्यावर, ते बोटानं हळूहळू तेल जिरवत होते.

मला पाहूनही हात थांबला नाही.

"टाळू भरायची राहिली असणार याची," ते म्हणाले.