नकलेचा नारळ

तो रेवसच्या धक्क्यावर लाँचची तिकिटं द्यायचा आणि गणपतीत आमच्या नागावच्या मांडवात नकला करायचा. धक्क्यावर मात्र कधी हसला नाही. आपण काही बोललो की आपला शेवटचा शब्द तोंडातल्या तोंडात घोळवत बसायचा, खडीसाखरेसारखा.

त्याची एक रीत होती. ज्याची नक्कल करायची, त्याच्या ओटीवर आदल्या दिवशी नारळ ठेवून यायचा. गावात नकलेचा राग कुणालाच नव्हता. राग यायचा तो नारळ न आल्याचा! सरपंच तर त्यापायी त्याच्याशी बोलत नव्हते.

शेवटी एकदाचा माझ्याकडे नारळ आला. "मास्तर, उद्या तुमी. राग न्हाय ना यायचा?"

"छे रे!" म्हटलं, आणि कोट इस्त्रीला दिला.

मला वाटलं, माझी छडी करील, माझे पाढे करील. तसलं काहीच नाही. तो नुसता खुर्चीवर बसला आणि विनोद ऐकणारा माणूस झाला. ओठ हसायला तयार. पण आधी डावीकडे बघायचं, मग उजवीकडे, आणि सगळे हसताहेत अशी खात्री पटली की मग गडगडाट. लोकांनी मांडव डोक्यावर घेतला.

असा मी मुळीच हसत नाही. तरी रागावलो असं दिसू नये म्हणून हसायचं ठरवलं, आणि सगळे हसताहेत ना, हे बघायला डावीकडे वळलो.

उजवीकडे वळताना मध्ये स्टेज लागलं. तो खुर्चीवर गप्प बसून माझीच वाट बघत होता.